शेवटचा पॉइंट धाकटीला

७ जानेवारी, मंगळवार

मास्तरांनी आज ही वही दिली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. म्हणाले, "सरावाचा प्रत्येक सेट लिहून ठेवायचा. कोण पुढे होतं, कुठे फिरलं, शेवट कसा झाला. मधूनमधून बघत जाईन." मी हो म्हटलं आणि खोलीवर आल्यावर ठरवलं की सेट मागच्या पानापासून उलटे लिहायचे. मागची पानं मास्तरांची, पुढची माझी. दोनशे पानं नुसते आकडे लिहायला मी काही वजनकाट्यावर बसलेली नाही.

पहिलं पान आहे तर रीतसर लिहिते. मी माझ्या धाकट्या बहिणीची टेनिसच्या सरावाची जोडीदार. म्हणजे रोज चार तास समोरून चेंडू मारणारी बाई. वय एकोणतीस, हात डावा, खांदाही डावाच आणि कुरकुरा. धाकटी बावीसची. पाळण्यातसुद्धा एका जागी राहिली नाही म्हणून बाबा तिला भिंगरी म्हणायचे, आता वर्तमानपत्रंही तेच म्हणतात. यंदा तिचा नंबर चौदावा लागलाय.

चौदा ते एक यांच्यामध्ये दोन बायका उभ्या आहेत. डावखुरी आणि उंच बाई. गेली अकरा वर्षं सगळ्या मोठ्या स्पर्धा या दोघी आलटूनपालटून जिंकताहेत. नवी कोणी वर आली की तिची पाठ थोपटतात, गोड हसतात आणि घरी पाठवतात. भिंगरीची पाठ तीनदा थोपटून झाली, तिन्ही वेळा डावखुरीने. बाकीच्यांना भिंगरी सहा-दोन, सहा-तीनने गुंडाळते. गाडी अडते ती इथेच.

म्हणून मी डावखुरी व्हायचं, असं मास्तरांनी ठरवलंय. तिच्यासारखी सर्व्हिस, तिच्यासारखा फिरता फोरहँड. मी त्यावर वरकडी करून तिच्या लकबीही उचलल्यात. सर्व्हिसआधी सातदा चेंडू आपटायचा, टोपीचं टोक ओढायचं, पॉइंट गेला की रॅकेटच्या तारांकडे असं बघायचं जणू चूक त्यांची. काल न्हाणीघरातल्या आरशासमोर सराव करताना दिवा फुटता फुटता वाचला.

आजचा सेट भिंगरी ७-५. शेवटी माझा बॅकहँड जाळ्यात गेला. थकले होते.


३१ जानेवारी, शुक्रवार

भिंगरी ७-६. मी टायब्रेकमध्ये पाच-तीन पुढे होते. मग ती अशी काही पेटली की विचारू नका. शेवटच्या पॉइंटला या मुलीच्या अंगात काहीतरी संचारतं. तिच्यासारखी हिंमत माझ्यात निम्मी असती तर आज मी कुठच्या कुठे असते. असो. खांद्याला बर्फ लावून बसलेय.


१५ मार्च, शनिवार

हरली. ७-६, ७-६. डावखुरीकडून, चौथ्यांदा.

सामना दुपारी संपला, तेव्हापासून मी हॉटेलचा जिना चढते आहे आणि उतरते आहे. बसवत नाही. पहिल्या टायब्रेकमध्ये भिंगरी सहा-चार पुढे होती. एक पॉइंट हवा होता. डावखुरीकडून एक साधा, बिनतिखटमिठाचा चेंडू आला. भिंगरीने तो परत दिला तो मधोमध, मऊसा, आणि जागच्या जागी उभी राहिली. कशाची वाट बघत होती देव जाणे! डावखुरीने तो कोपऱ्यात ठोकला. दुसऱ्या सेटला पाच-दोन पुढे, आणि पुन्हा तेच. मऊ चेंडू टाकायचा आणि उभं राहायचं, जणू आता समोरची आपणहून चुकणार आहे.

शेवटी डावखुरीने पाठ थोपटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरावात हीच मुलगी शेवटच्या पॉइंटला वाघीण असते. मी रोज समोर उभी असते, माझ्याहून मोठा साक्षीदार कोण? मग सामन्यात तिला होतं तरी काय?


१६ मार्च, रविवार

मास्तरांनी मागची पानं मागितली. न्याहारीच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसले. अर्धा तास आकडे मोजत होते, चहा गार झाला तरी. मग म्हणाले, "एक्केचाळीस सेट झाले. त्यातल्या एकोणीस सेटमध्ये तू पाच गेमपर्यंत आलीस. दहांमध्ये पुढेसुद्धा होतीस. जिंकलीस किती?"

"एकही नाही," मी म्हटलं. "म्हणजे बघा, मोक्याच्या वेळी भिंगरी किती भारी आहे."

"हं." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "तुझा खांदा नक्की कधी दुखतो?"

"थकल्यावर."

"पाच-पाच झाल्यावर?"

मी ताडकन उठले. दहा वर्षं झाली या खांद्याला, डॉक्टरांचे कागद आहेत माझ्याकडे. सामना भिंगरी हरली आणि पंचनामा माझ्या खांद्याचा! मास्तर माणूस चांगला आहे, पण कुठलं कुठे जोडतील नेम नाही. दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही, हे आणखी वाईट.


२४ मार्च, सोमवार

आईचा फोन. ती शिवणयंत्रावर बसूनच बोलते, त्यामुळे तिची अर्धी वाक्यं यंत्र खातं. भिंगरी जेवते का, झोपते का, माझा खांदा कसा, सगळं झालं. मग म्हणाली, "तुझ्या बाबांची आठवण येते गं. त्या कुलपाची."

बाबा एका क्लबात कोर्टांचं काम बघायचे. झाडणं, पांढऱ्या रेघा आखणं, जाळी ताणणं. सदस्य गेले की फाटकाला कुलूप लावेपर्यंत अर्धा तास कोर्ट आमचं. भिंगरी पाच वर्षांची असल्यापासून यायची आणि हरली की कोर्टाच्या मधोमध फतकल मारून बसायची. उठायचं नाव नाही. व्यवस्थापकाची फेरी यायच्या आत बाबांना कुलूप लावायचं असे. त्यांनी नियमच करून टाकला, "बाळा, शेवटचा पॉइंट धाकटीला देत जा. मला कुलूप लावू दे." मी द्यायची. मग ती उड्या मारत फाटकाबाहेर आणि बाबा हसत किल्ली फिरवायचे.

"तू गुणाची पोर," आई म्हणाली. "कधी म्हणून शेवटचा घेतला नाहीस. अजूनही सांभाळून घेतेस तिला, मला माहितेय."

मी म्हटलं, "आई, आता काय, आता ती मला रडवते." ती हसली. यंत्र सुरू झालं.

बरं वाटलं बोलून. पण नंतर उगाच अस्वस्थ झाले. दोनदा मोजे बदलले. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्याचंच असेल.


२ एप्रिल, बुधवार

मास्तरांनी आज स्पष्टच सांगितलं. मे महिन्याच्या स्पर्धेनंतर डाव्या हाताची दुसरी एक मुलगी बोलावणार. "तू बहीण म्हणून बरोबर राहाच," म्हणाले. बहीण म्हणून! म्हणजे टॉवेल धरायला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज दाखवतेच. आणि खरंच खेळले. सहा-पाच, चाळीस-पंधरा. दोन सेट पॉइंट. भिंगरीचा चेंडू जाळ्याच्या थोडा अलीकडे पडला, उंच उडाला. डोळे मिटून मारला असता तरी जिंकले असते.

मी तो जाळ्यात घातला.

पुढचाही. मग टायब्रेक, मग नेहमीसारखं भिंगरी ७-६. ती येऊन गळ्यात पडली, "ताई, आज तू काय खेळलीस!" मास्तर लांबून बघत होते.

लिहूनच टाकते, ही पानं माझीच आहेत. खांदा दुखला नाही. जरासुद्धा नाही. चेंडू वर आला आणि माझा हात आपसूक मऊ पडला, दार ढकलणाऱ्या माणसाला वाट करून द्यावी तसा. मी ठरवलं नव्हतं. मी तर जिंकायचं ठरवलं होतं!


३ एप्रिल, गुरुवार

आज सुट्टी. इस्त्री करायला घेतली आणि एक बाही जाळली.

एकोणिसाव्या वर्षी मी एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होते. पाच-दोन पुढे, तीन मॅच पॉइंट. हरले. वर्तमानपत्रात आलं की खांद्याने दगा दिला. मीही तेच सांगत आले, आईला, भिंगरीला, नवऱ्यालाही (होता तोपर्यंत). डॉक्टरांचे कागद काढून पाहिले. पहिल्या कागदावरची तारीख त्या सामन्यानंतर पाच आठवड्यांची आहे.

पाच आठवडे.

समोर कोण होती ती? एक ठेंगणी मुलगी होती, भिंगरीसारखी वेणी घातलेली. एवढंच आठवतं. आता जास्त लिहीत नाही.


२० एप्रिल, रविवार

सोळा दिवस प्रयत्न चाललाय, कोणाला न सांगता. शेवटच्या पॉइंटला दात आवळून मारते तर चेंडू कुंपणाबाहेर. हळू मारते तर जाळ्यात. डोळ्यांसमोर डावखुरीला आणते, टोपी ओढते, सातदा आपटते, आणि सातव्यांदा आपटताना कानात कुलूप खडखडतं. हसू येतं आणि रडूही. एकोणतीस वर्षांची घोडी मी, आणि बाबांच्या अर्ध्या वाक्याने बांधलेली.

भिंगरी विचारते, "ताई, तुझं बिनसलंय का?" म्हटलं, जेवण जात नाही. ती माझ्या ताटातलं खाऊन मोकळी.

तिला सांगावं का? सांगितलं तर तिचा धीर सुटेल. सरावातले सगळे सेट खोटे होते असं कळल्यावर कोण उभं राहील? आणि नाही सांगितलं तर डावखुरी पाचव्यांदा पाठ थोपटेल. डावखुरी काही कोणाची ताई नाही. ती शेवटचा देणार नाही.


८ मे, गुरुवार

मी जिंकले. ७-५.

नीट लिहिते. सहा-पाच, चाळीस-तीस, सर्व्हिस माझी. टोपी ओढली. चेंडू आपटायला लागले, एक, दोन, आणि तिसऱ्यांदा तो माझ्या बुटावर आदळून घरंगळत गेला. वाकून उचलला. एवढ्या वेळात डावखुरी कुठे गेली कोण जाणे. मी जुन्या सवयीने दोनदाच आपटला, एकोणिसाव्या वर्षी आपटायची तसा, आणि सरळ मधल्या रेघेवर, बिनफिरकीचा, सपाट मारला. भिंगरी हललीसुद्धा नाही. चेंडू मागच्या कुंपणात रुतून बसला.

कुलूपबिलूप काही वाजलं नाही.

भिंगरीने रॅकेट आपटली आणि निघून गेली. मास्तर स्वतःच्या टिपणवहीत डोकं घालून बसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते खूश झाले की असं होतं.

ती मला हॉटेलच्या धुलाईखोलीत सापडली. यंत्रात कपडे फिरत होते आणि ती समोर फतकल मारून बसलेली, पाच वर्षांची असल्यासारखी. मी शेजारी बसले. म्हटलं, "भिंगरे, मला तुला काहीतरी सांगायचंय. सरावात आजवर मी..."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"तू शेवटचा सोडतेस. मी आठ वर्षांची होते तेव्हाच कळलं. तू चेंडू बाहेर मारलास आणि बाबांकडे बघितलंस."

मी म्हटलं, "मी हल्ली मुद्दाम नव्हते गं करत. मलाच माहीत नव्हतं."

"तेही माहितेय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू थांबवलं असतंस," ती म्हणाली. यंत्र थांबलं तरी तिने दार उघडलं नाही. "ताई, तिकडे सगळ्या मला हरवायलाच उभ्या असतात. एक तू होतीस. आता तूपण."

मला वाटलं होतं तिचा धीर सुटेल. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली, दुखऱ्या खांद्यावर, आणि मी तो हलवला नाही. लहानपणी असं रडली की मी म्हणायची, चल, अजून एक खेळू, तो तुझा. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले.

मग नाक पुसून ती म्हणाली, "तो शेवटचा डावखुरीचा नव्हता."

"हो, चुकून जुना मारला."

"तो उद्या परत मार."


१४ मे, बुधवार

पाच दिवसांत सहा सेट. तीन तिचे, तीन माझे. तिचे तीन तिने ओढून नेले माझ्याकडून, अक्षरशः ओढून. जेवताना आम्ही बोलत नाही. काल मिठाची डबी मागितली तर मास्तरांमार्फत मागितली. मास्तर इतके आनंदात आहेत की दोनदा मीठ घालून बसले.

मला मात्र चैन नाही. आपण तिला कणखर करतोय की नुसतीच एकटी पाडतोय? बाबा असते तर काय म्हणाले असते? रोज हा प्रश्न पडतो आणि रोज मी कोर्टवर जाऊन तिला हरवायला बघते.


२२ मे, गुरुवार

उपांत्य सामना. भिंगरी विरुद्ध डावखुरी. ६-७, ६-४, ७-५.

सात-पाच भिंगरीचे! लिहिताना रेघ वाकडी गेली, जाऊ दे.

पहिल्या सेटचा टायब्रेक गेला तेव्हा मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण तेच नव्हतं. या वेळी तिने मऊ दिला नव्हता. जोरात मारला होता आणि चेंडू बोटभर बाहेर गेला होता. मी मास्तरांचा दंड इतका दाबला की त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

तिसऱ्या सेटला पाच-पाच. मोक्याची वेळ आली की भिंगरी वर आमच्याकडे बघते, लहानपणापासूनची खोड. मी डोळ्यांनी "आहे मी" म्हणते आणि ती खाली बघते. आज मी तयारीत बसले होते. डोळे उघडे, मान ताठ, चेहऱ्यावर धीर. सहा-पाच झालं. मॅच पॉइंट आला. डावखुरीने टोपीचं टोक ओढलं, सातदा चेंडू आपटला, आणि माझ्या ओळखीची, मी हजारदा मारलेली सर्व्हिस सुटली.

भिंगरीने वर पाहिलंच नाही.

तिने तो चेंडू मधे ठेवला नाही, वाट बघितली नाही. दोन पावलं आत घुसून कोपऱ्यात मारला आणि तो जमिनीला लागायच्या आधीच जाळ्याकडे पळत सुटली, परत आलाच तर पुन्हा मारायला. तो परत आला नाही.

सगळे उभे राहिले. मी बसूनच होते. खूप आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या बरोबर मधोमध एक बारीक कळ होती, ती आली तशी लिहिते. तिने वर पाहिलं नाही. हेच तर हवं होतं ना मला? हेच हवं होतं.

जाळ्यापाशी डावखुरीने हात पुढे केला. पाठ थोपटायला विसरली बहुतेक.

परत येताना मास्तरांना विचारलं, "ती डाव्या हाताची मुलगी कधी येतेय?"

"कोण मुलगी?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.


२३ मे, शुक्रवार

सकाळचे सहा चाळीस. सातला कोर्टवर जायचंय. उद्या अंतिम सामना, समोर उंच बाई. रात्री ती तिचा सामना तासाभरात उरकून आली म्हणे, घामसुद्धा आला नाही.

भिंगरी पहाटेच दारावर थडकली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा स्वतःहून बोलायला आली ती अशी, केस पिंजारलेले, एका पायात मोजा. म्हणाली, "उंच बाईसारखं खेळता येईल तुला?"

"ती उजव्या हाताची. वर माझ्याहून वीतभर उंच. शिडी आणू का?"

"मग नको," ती म्हणाली. "आज कोणासारखं नकोच खेळूस. तुझाच खेळ खेळ."

"त्याचा काय उपयोग तुला?"

"तोच सगळ्यात अवघड आहे," ती म्हणाली आणि दुसरा मोजा शोधायला गेली.

तेव्हापासून मी खोलीत येरझाऱ्या घालतेय. माझा खेळ! होता कसा तो? दोनदा आपटायचा, हे आठवतं. मधल्या रेघेवर सपाट, हे आठवतं. जाळ्याजवळ मी धीट होते, असं मास्तर एकदा म्हणाले होते. बाकी सगळं दहा वर्षांत पुसट झालं आणि उरलंसुरलं यंदा डावखुरीच्या टोपीखाली गेलं. टोपी आज नेत नाही. खांद्याची पट्टी हातात घेतली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. बुटाची नाडी दोनदा बांधली, एकोणिसाव्या वर्षी सामन्याआधी बांधायची तशी, आणि ते लक्षात येऊन चक्क हसले.

हरले तर हरले. पण देणार नाही. तिला उद्या तेच लागणार आहे आणि मलाही.

दारावर पुन्हा धडाधड वाजतंय. "ताई! घाबरलीस का?"

हो, घाबरलेय. येतेय म्हणावं.